चटईवर फिरलेला चमचा

गुरुवारी सकाळी साडेनऊला बेल वाजली तेव्हा उल्हासमामा बादलीतलं पाणी तांब्यानं चहाच्या पातेल्यात ओतत होते. सिंगापुरातल्या त्यांच्या वसाहतीच्या टाउन कौन्सिलनं आठवडाभर आधीच लिफ्टशेजारी नोटीस लावली होती: हा आणि मागचा, अशा दोन्ही ब्लॉकच्या टाक्या धुवायच्या, नऊ ते पाच पाणी बंद. मामांनी पहाटे उठून दोन बादल्या भरल्या होत्या. त्यातली अर्धी भाचीनं, क्षिप्रानं, तोंड धुण्यातच उडवली, म्हणून तेव्हापासून त्यांची कुरकुर चालली होती.

दार उघडलं आणि कुरकुर घशातच राहिली. दारात रत्नदीप उभा होता.

"क्षिप्राताई आहेत?" त्यानं विचारलं. मामांच्या खांद्यावरून पलीकडं बघत विचारलं.

"या, आत या," क्षिप्रा खोलीतून बाहेर येत म्हणाली. "मामा, चहा तीन कप."

"मला नको," रत्नदीप म्हणाला.

मामांना ते लागलं. दोन वर्षांत हा माणूस त्यांच्या हातचा चहा पन्नास वेळा तरी प्यायला होता. पण बोलायला तोंड कुठं होतं?

रत्नदीप जहाजांच्या कारखान्यात इंजिनिअर. मूळचा अकोल्याचा, बोलणं मोजकं. तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला आणि त्यानं सरळ विषयाला हात घातला. "रविवारी दुपारी गावकीची बैठक आहे. माझं नाव कायमचं काढून टाकणार आहेत. पत्र तयार आहे, आपल्या यिशुनच्याच अकरा जणांच्या सह्या आहेत." आता कुठं त्यानं मामांकडं पाहिलं. "सातवी सही मामांची."

क्षिप्रानं भुवई उंचावली. मामा स्वयंपाकघरात निघून गेले, पण कान बाहेरच ठेवून.

क्षिप्रा खासगी तपासनीस. रीतसर लायसन्सवाली. विम्याचे खोटे दावे आणि नवरेमंडळींचे खोटे ओव्हरटाइम, हे तिचं रोजचं काम. मामा हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीतून निवृत्त झाले तेव्हापासून तिच्याबरोबर फिरायचे. ती विचार करायची आणि मामा तर्क लढवायचे. मामांचे तर्क आजवर एकदाही बरोबर आले नव्हते, पण माणसानं हौस का सोडावी?

"तुमच्यावर आरोप काय?" तिनं विचारलं.

"नवल फोडल्याचा."

आता हे नवल म्हणजे काय, ते सांगायला हवं. मागच्या ब्लॉकमधल्या नीताताई गाण्याच्या शिक्षिका. नवऱ्याच्या नोकरीपायी त्यांनी नऊ वर्षं आयर्लंडच्या एका खेड्यात काढली होती. तिथं हिवाळ्यात मैदानांचा चिखल झाला की खेळाचे क्लब गावच्या हॉलमध्ये जमतात. मग गाणं, पाठांतर, नाच, प्रश्नमंजुषा, असं गावागावांत जुंपतं. त्यातच एक प्रकार अजब करमणुकीचा असतो, काय करणार ते शेवटपर्यंत गुपित. आणि नियम एकच, पण दगडावरची रेघ: ज्या गावात राहता त्याच गावाकडून उतरायचं. शेजारच्या गावाकडून गायला गेलेल्या एका माणसाशी त्याचा सख्खा भाऊ अकरा वर्षं बोलला नाही, ही गोष्ट ताई दरवर्षी सांगायच्या.

नवरा गेल्यावर ताई सिंगापुरात आल्या आणि त्यांनी हीच रीत इथल्या मराठी माणसांत रुजवली. नाव दिलं गावकी. एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, एकेक स्टेशन म्हणजे एकेक गाव: यिशुन एक, वुडलँड्स दुसरं. त्या अजब प्रकाराला त्यांनी नाव दिलं नवल. ताई यिशुनच्या, त्यामुळं यिशुनचं नवल त्याच बसवायच्या. नऊ वर्षांत पाच ढाली यिशुनच्या, आणि मामा नऊही वर्षं त्यांच्या पेटीवर. ताईंनी 'वाह मामा' म्हटलं की मामांना निवृत्तिवेतन वाढल्यासारखं वाटायचं.

गेल्या शनिवारी काय झालं? चिठ्ठ्या टाकल्या, वुडलँड्सचा नंबर आधी लागला. पडदा उघडला आणि यिशुनच्या मंडळींच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी दोन महिने घाम गाळून बसवलेलं नवल, 'अडकलेली लिफ्ट', वुडलँड्सवाले जसंच्या तसं करत होते! यिशुनला रंगमंचावर पाऊल न टाकता घरी जावं लागलं.

"तुमच्यावरच का आलं?" क्षिप्रानं विचारलं.

"मी दोन वर्षांपूर्वी वुडलँड्समध्ये राहायचो. तिथले लोक ओळखीचे. घर बदललं तेव्हा मला तिकडूनच खेळायचं होतं, पण ताई म्हणाल्या, जिथं तुझा भाड्याचा करार तिथला तू. मी ऐकलं. मला इथं आपलं मानतात असं वाटत होतं, क्षिप्राताई. शनिवारी रात्री घरी पोचलो तर आर्या, माझी मुलगी, नऊ वर्षांची, इथल्या पोरांच्या इंग्रजीत विचारते, 'पपा, डिड यू रिअली सेल अस आऊट? एव्हरीबडी सेज सो, लाह.' गाण्याच्या क्लासमध्ये तिच्याशेजारी कुणी बसलं नाही. मी नवलात पुन्हा नसलो तरी चालेल. पण फितूर म्हणून माझं नाव वाचलं जायला नको."

स्वयंपाकघरात मामांच्या हातातली गाळणी थांबली.

"रविवारच्या आत बघते," क्षिप्रा म्हणाली.

रत्नदीप गेल्यावर मामा चहा घेऊन बाहेर आले. "ताईंनी पत्र लिहून आणलं, सगळे सह्या करत होते, म्हणून मीही..."

"मी विचारलं का काही?" क्षिप्रा म्हणाली. "बस इथं. ते पूर्ण नवल कुणाकुणाला माहीत होतं?"

"पाच जणांना. रत्नदीप, रुचिर, हर्षा, हे तिघं काम करणारे. पेटीवर मी. आणि बसवणाऱ्या ताई. घरच्या माणसांनासुद्धा सांगायचं नाही, अशी रीतच आहे."

क्षिप्रानं वुडलँड्सच्या प्रयोगाची अधिकृत फीत टीव्हीवर लावली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. आत तीन माणसं, तिघांकडं सामान. एक कुकर बडवतो, दुसरी छत्री आपटून ताल धरते, आणि तिसऱ्यानं उराशी धरली होती एक गुंडाळलेली निळी चटई. तिच्यावरून तो वरपासून खालपर्यंत स्टीलचा चमचा फिरवत होता.

"ही चटई तुमच्यात होती?"

"छे! आमच्यात स्टँडचा पंखा होता. रत्नदीप घर बदलतोय, हातात पंखा. त्याच्या जाळीवरून चमचा फिरवला की असा झर्रकन सूर निघतो म्हणून सांगू! तो रत्नदीपचाच स्वतःचा पंखा, दर वेळी घरून उचलून आणायचा." मामा पुढं सरसावले. "अगं, सोपं आहे. चोरी ओळखू येऊ नये म्हणून तेवढी वस्तू बदलली त्यांनी."

"बाकीचं सगळं तसंच ठेवून?"

"चोराला घाई असते!"

"बरं. आणि चटईवर चमचा फिरवल्यावर आवाज कसला येतो?"

मामांनी फीत पुन्हा पाहिली. काही आवाज येत नव्हता. प्रेक्षक मात्र हसत होते, त्यांना तो विनोदच वाटला होता.

"कसला नाही," मामा म्हणाले. "म्हणजे तो मूर्ख चोर आहे."

क्षिप्रा हसली आणि चपला घालू लागली.

रुचिर वुडलँड्समधल्या चिपच्या कारखान्यात कामाला. दुपारी तो तिथल्याच हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, चिकन राइस खाताना सापडला. वय सत्तावीस, पुण्याचा, जीभ तिखट.

"माझ्यावर संशय? या, या, वाटच बघत होतो," तो म्हणाला. "हो, मी इथं काम करतो. हो, वुडलँड्सचा कॅप्टन प्रताप याच टेबलावर रोज माझ्याबरोबर जेवतो. आणि हो, मी लिहिलेलं नवल ताईंनी नाकारलं, त्याचा मला राग आला होता. झालं समाधान?"

"प्रतापला तुम्ही सांगितलंत?"

"मला आमची ढाल हवी होती हो. पाठीत सुरी मारायची तर ताईंना मारीन, स्वतःला कशाला मारून घेऊ?"

"तालमीत कुणी चोरून शूटिंग केलं असेल?"

"शक्यच नाही. दारात शिरताना सगळ्यांचे फोन ताईंच्या कापडी पिशवीत. फक्त एकदाच शूटिंग झालं, डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं ना, ते नव्हते. ताईंनी स्वतःच्या फोनवर घेतलं, मामांना चाली बसवायला बरं पडेल म्हणून. त्या दिवशी रत्नदीपही नव्हता. जहाजाच्या चाचणीसाठी चार दिवस समुद्रावर होता. त्याचं काम ताईंनी मलाच करून दाखवायला लावलं. एका वेळी दोन माणसं! दमलो नुसता."

"पंखा?"

"पंखा त्याच्या घरी. कशावर तरी भागवलं."

बाहेर पडल्यावर मामा कुजबुजले, "हाच! रोज एका टेबलावर जेवतात म्हणजे काय!"

"मामा, तुझा डोळा बरा झाल्यावर चाली कशा बसवल्यास?"

"कशा म्हणजे? ताई समोर बसल्या, गाऊन दाखवलं, मी वाजवलं. ताईंसारखं गाऊन दाखवणारं कुणी नाही. का गं?"

"सहज," क्षिप्रा म्हणाली.

तीन वाजता नीताताईंना भेटायचं होतं. मामांना वाटलं, मागच्याच ब्लॉकला तर जायचं, पण ताईंनी फोनवर स्टेशनशेजारच्या कॉफीशॉपला बोलावलं. घरी रंगकाम काढलंय म्हणे. दहा मिनिटं उशिरा आल्या. साठीच्या, ताठ, कपाळावर बारीक टिकली, पाठीवर मोकळे ओले केस.

"पंख्याखाली नको बसायला," त्या म्हणाल्या. "आत्ताच न्हाले, सर्दी व्हायची. शॉवरखाली उभी राहिले की मला वेळेचं भानच राहत नाही बघ, उल्हास."

मामांनी त्यांच्यासाठी कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, आणली, कमी साखरेची. त्यांना ताईंची आवड पाठ होती.

"ताई, रत्नदीपनंच केलं, हे कशावरून?" क्षिप्रानं विचारलं.

ताईंनी डोळे मिटले. "माझ्या हातानं पत्र लिहिताना काय वाटलं असेल मला, विचार कर. मुलगा गुणी आहे. पण माणसाची ओढ जुन्या गावाकडं असते. आयर्लंडमध्ये मी बघितलंय हे. त्याला दोष तरी किती द्यायचा? पण नियम म्हणजे नियम."

"त्याला विचारलंत?"

"विचारून कोण कबूल होतं, बाळा?"

मामांनी मान डोलावली. किती समजूतदार बाई! शिक्षा करतानाही माया सुटत नाही, असं त्यांना वाटलं, आणि सही केल्याचं सकाळपासूनचं ओझं थोडं हलकं झालं.

शुक्रवारी सकाळी हर्षा. घरात लहान मूल, हातात पोळीचं पीठ. "मी बाई घरातून बाहेर पडते तीच मुळी रविवारी," ती म्हणाली. "सकाळी योगाचा क्लास, तिथून थेट तालीम. ते पाच तास माझे. ते मी विकीन?"

"रत्नदीपबद्दल काय वाटतं?"

हर्षा घुटमळली. "ताईंनी सांगितलं म्हणून सही केली. तसा तो चांगला आहे हो. त्यानंच पंख्याची कल्पना काढली. तो नव्हता त्या दिवशी पंख्याच्या जागी माझंच सामान वापरलं, पण मजा नाही आली. रुचिर तोंडानं झर्र झर्र करत होता, ताई म्हणाल्या तेसुद्धा नको, नुसता चमचा फिरव."

"ताईंवर फार ताण पडत असेल ना?"

"पडतोच. पूर्वी मधल्या सुट्टीत घरी जाऊन कुकर लावून यायच्या, आम्हाला गरम वरण-भात आणायच्या. दिवाळीपासून गार डबा घेऊन येतात. म्हणतात, गुडघा दुखतो."

खाली उतरल्यावर क्षिप्रा म्हणाली, "मामा, तू घरी जा. मी मागच्या ब्लॉकला एक चक्कर टाकून येते, मग वुडलँड्सला काम आहे."

"रुचिरच्या मागावर ना?" मामांनी डोळे मिचकावले. ती चालू लागली.

रविवारी दुपारी कम्युनिटी क्लबची खोली भरली होती. अध्यक्षांच्या खुर्चीत नीताताई. एका बाजूला यिशुनची मंडळी, दुसऱ्या बाजूला इतर गावांचे कॅप्टन, त्यांत वुडलँड्सचा प्रताप, दंड फुगलेले, चेहऱ्यावर जिंकल्याची ऐट. रत्नदीप दाराजवळच्या खुर्चीत एकटा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मामांना एकदा वाटलं, जाऊन बसावं तिथं. पण ते यिशुनच्या रांगेतच बसले.

"पत्र वाचायच्या आधी मला दहा मिनिटं हवीत," क्षिप्रा उठून म्हणाली.

"बोल ना, बाळा," ताई म्हणाल्या.

"वुडलँड्सच्या नवलात एक माणूस चटईवर चमचा फिरवतो. मामा म्हणाले, चोरी लपवायला वस्तू बदलली. पण लपवायचं असतं तर आवाज येणारी दुसरी वस्तू घेतली असती. किसणी घ्या, डब्याचं झाकण घ्या. चटईवर चमचा फिरवायचं मुद्दाम कुणाला सुचेल? हे बदललेलं नाही. जसं दिसलं तसं उचललेलं आहे."

प्रतापनं हाताची घडी घातली.

"चटई यिशुनच्या तालमीत फक्त एकदा आली. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी. रत्नदीप समुद्रावर होता, पंखा त्याच्या घरी होता. हर्षा योगाच्या क्लासमधून थेट आली होती. तिचं कुठलं सामान वापरलं, हर्षा?"

"माझी चटई," हर्षा म्हणाली. "निळी." आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे त्याच दिवसाची तालीम बाहेर गेली. त्या दिवशी रत्नदीप नव्हता. चटईचं त्याला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. त्यानं फोडलं असतं तर पंखा सांगितला असता. कल्पनाच त्याची होती."

यिशुनच्या रांगेत चुळबुळ झाली. कुणीतरी मागं वळून रत्नदीपकडं पाहिलं.

"मग राहिले रुचिर नाहीतर हर्षा," मामा पुटपुटले. ते जरा मोठ्यानंच निघालं.

"नाही, मामा. त्या दोघांना माहीत होतं की चटई म्हणजे पंखा. त्यांनी तोंडी सांगितलं असतं तर 'पंखा' म्हणाले असते. ज्यानं नक्कल केली त्याला सांगणारं कुणी नव्हतं. त्यानं नुसतं बघितलं. आणि बघायला एकच गोष्ट होती, त्या दिवशीचं शूटिंग. बाकीचे फोन पिशवीत होते."

"ते शूटिंग मी उल्हाससाठी केलं होतं," नीताताई सावकाश म्हणाल्या.

"मामा," क्षिप्रा वळली, "तुला ते मिळालं?"

सगळे त्यांच्याकडं बघत होते. ताईही बघत होत्या. नऊ वर्षांत ताईंनी असं कधी पाहिलं नव्हतं त्यांच्याकडं, आर्जवानं. हो म्हण, असं ते डोळे म्हणत होते.

"नाही," मामा म्हणाले. "ताई समोर बसून गायल्या होत्या."

"क्षिप्रा, तू माझ्यावर..." ताई उठल्या. "मी यिशुनचं नुकसान करीन? मी?"

"तेच मला सुटत नव्हतं. कुंपण शेत का खाईल? पण गुरुवारी आमच्या आणि मागच्या ब्लॉकला नऊ ते पाच पाणी नव्हतं. आम्ही बादलीवर दिवस काढला. तुम्ही मागच्या ब्लॉकमध्ये राहता, आणि दुपारी तीनला शॉवरखाली न्हाऊन आलात. दिवाळीपासून मधल्या सुट्टीत घरी जात नाही, गार डबा आणता. घरी कुणाला बोलावत नाही. शुक्रवारी मी तुमच्या दारावर थाप मारली. एका चिनी बाईंनी उघडलं. त्या ऑक्टोबरपासून तिथं राहतात. मालकानं घर विकलं, असं त्या म्हणाल्या. ताई, तुम्ही वुडलँड्सला खोली घेतलीत. प्रतापच्याच ब्लॉकमध्ये. नवल वुडलँड्सला गेलं म्हणून मी तिथं चौकशी केली, खालच्या दुकानदारानं तुमचा फोटो ओळखला."

ताई खाली बसल्या. ताठ पाठ पहिल्यांदाच वाकलेली दिसली.

"इकडचं भाडं झेपेना," त्या म्हणाल्या. "वुडलँड्सला स्वस्त पडतं. कुणाला सांगणार? नियम मीच केलेला. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी यिशुन सुटलं असतं. यिशुन सोडून माझं आहे काय रे इथं?"

"मग?" क्षिप्रानं विचारलं.

"प्रतापनं लिफ्टमध्ये पाहिलं मला."

प्रताप मुळीच ओशाळला नाही. "मी काय चुकीचं बोललो? ताई, म्हटलं, तुम्ही आता आमच्या गावच्या. तुमचं नवल नियमानं आमचं. देत नसाल तर बैठकीत सांगतो. आम्ही आमच्या गावच्या माणसाचं नवल केलं, ह्यात चोरी कुठली?"

"शूटिंग पाठवलं तेव्हा मला वाटलं, एखाददुसरी गंमत उचलेल," ताई म्हणाल्या. "अख्खं करेल असं नव्हतं वाटलं."

"आणि रत्नदीप?" हे मामांनी विचारलं. आपला आवाज त्यांना ओळखू आला नाही. "ताई, त्याचं नाव का लिहिलंत?"

ताईंनी टेबलावरचं पत्र बाजूला सारलं. "कुणाचं तरी नाव येणारच होतं. त्याचं लिहिलं तर कुणी फार विचारणार नाही, असं वाटलं."

मामांना वाटलं, कुणीतरी सणसणीत थोबाडीत मारली. नऊ वर्षं ज्या बाईच्या 'वाह'साठी आठवडा काढायचा, तिनं त्यांच्या आजारी डोळ्याची सबब करून नवल विकलं होतं, आणि एका निरपराध माणसाच्या गळ्यात ते बांधायला त्यांचीच सही घेतली होती. ते उठले. टेबलावरचं पत्र त्यांनी उचललं, फाडलं, आणखी फाडलं. कुणी अडवलं नाही. नीताताई हुंदके देत होत्या आणि मामांना त्यांची कीव आली नाही, ह्याचंच त्यांना आश्चर्य वाटलं.

मग एकदमच सगळे बोलू लागले. हर्षा रत्नदीपजवळ जाऊन रडली. रुचिर म्हणाला, "यार, सॉरी. पुढच्या वर्षी तूच बसव नवल, आपण वुडलँड्सला धूळ चारू." बाकीचेही सरसावले, कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी चहाचा कप पुढं केला. रत्नदीपनं सगळ्यांना नमस्कार केला, क्षिप्राचे आभार मानले आणि तो बाहेर पडला.

मामा त्याच्या मागं धावले. एकसष्टाव्या वर्षी, दुपारच्या उन्हात, बसस्टॉपपर्यंत धावले.

"रत्नदीप, थांब. चुकलं माझं. अरे, ताईंवर माझा एवढा विश्वास होता, त्यांनी फसवलं मला."

"त्यांनी मलाही फसवलं, मामा," रत्नदीप म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "पण त्यांना निदान कारण होतं. घर गेलं होतं, भीती होती. तुम्हाला काय होतं?"

मामा कपाळावरचा घाम पुसू लागले.

"मी तुमच्या घरी जेवलोय. तुमच्या ऑपरेशननंतर, समुद्रावरून परतल्यावर, औषधाचे थेंब घालायला चार संध्याकाळी आलोय. त्या कागदावर रुचिरचं नाव असतं, तर सही करायच्या आधी त्याला एक फोन केला असतात?"

लांबून बस येताना दिसली. रत्नदीपनं हात केला. मामांच्या मनात दहा उत्तरं आली. सगळे सह्या करत होते, तू वुडलँड्सचा होतास, पत्र ताईंच्या हातचं होतं. त्यांतलं एकही ह्या माणसापुढं टिकणारं नव्हतं. आपण त्याला दोन वर्षं आपला म्हणत होतो, आणि पहिल्याच दिवशी तो आपला नाही हे किती सहज मानलं, हे त्यांना त्या बसस्टॉपवर कळलं.

"केला असता," मामा म्हणाले.

रत्नदीपनं मान हलवली. बस थांबली, दार उघडलं.

"माहीत होतं मला," तो म्हणाला, आणि चढून गेला.